पारण्याचं ताट

बालाजी घाट, वाराणसी
१९ जून

प्रिय शार्दूल,

तुझा परवाचा मेसेज वाचला. मी वाचल्याच्या खुणा तुला दिसल्या असतील, आणि उत्तर आलं नाही म्हणून तू तीनदा फोन केलास. मी घरातच होते. फोन वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. जे सांगायचंय ते मला बोलून सांगता येणार नाही, कारण तू मध्ये बोलशील आणि मग मी गप्प होईन. लहानपणापासून आपलं असंच चालत आलंय. म्हणून कागद घेतला. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवते, पोस्टाची वाट बघण्याएवढा वेळ नाही. तू फक्त शेवटपर्यंत वाच.

बाबांच्या तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालास, की ताईने हट्ट सोडून गोळ्या दिल्या असत्या तर बाबा आज असते. समोरच्या शरदिनीकाकू वाढत होत्या, त्यांचा हात थांबला. मी त्यांच्या हातातली पळी घेऊन पुढे वाढत राहिले. त्याला चार महिने झाले. त्या वाक्याचं उत्तर मी रोज मनात तयार करते आणि रोज ते वेगळंच होतं. कधी वाटतं, बाबा कशाने गेले ते मला पक्कं ठाऊक आहे. भाजी चिरता चिरता वाटतं, की मला काहीच ठाऊक नाही. आज जसं घडलं तसं लिहून बघते.

आई गेली ती श्रावणात. नेमकी कशी गेली ते मी तुला नीट सांगितलं नव्हतं. तिचे चातुर्मासाचे धारणे-पारणे चालू होते. एक दिवस कडक उपास, दुसऱ्या दिवशी जेवण, असं आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत. तुला पुण्याला नोकरी लागली त्या वर्षी तिने ते व्रत धरलं आणि मग सोडलंच नाही. त्या दिवशी पारणं होतं. तिने स्वतः स्वयंपाक केला, नैवेद्य दाखवला, बाबांना वाढलं. आपलं ताट घेऊन बसणार एवढ्यात म्हणाली, जरा पडते, घाबरल्यासारखं होतंय. वाढलेलं ताट तसंच राहिलं. पुढच्या गडबडीत ते कुणी उचललं ते मला आठवत नाही. बाबांना मात्र ते ताट आठवत राहिलं. मणिकर्णिकेवरून आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "उपाशी गेली गं ती."

तेरावं झालं, तू परत गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं, की तिचे उरलेले धारणे-पारणे ते पुरे करणार. मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी? तर म्हणाले, तिला पंचाहत्तरावं होतं. गणिताच्या मास्तरांशी कोण वाद घालणार. मला वाटलं, कार्तिकीपर्यंतच तर आहे, त्यांच्या मनाला आधार होईल. उद्यापनाचं गुरुजींना सांगूनही ठेवलं होतं. कार्तिकीच्या आठ दिवस आधी बाबा म्हणाले, सुतकात तेरा दिवस खंड पडला तेवढे भरून काढतो. ते दिवस भरले. मग म्हणाले, माघापर्यंत चालू दे. मी विचारलं, माघापर्यंत कशाचं? त्यांनी पेपर उघडला.

मी काय करायला हवं होतं? भांडायला हवं होतं बहुतेक. पण तुला माहीत आहे, या घरात भांडण फक्त तुला जमायचं. पारण्याच्या दिवशी मी पहाटे उठून पूर्ण स्वयंपाक करायची, वरण, भात, त्यांना आवडते म्हणून मटारची उसळ, आणि ताट वाढून, झाकून नऊला विद्यापीठात डिपार्टमेंटला जायची. संध्याकाळी आले की ताट घासून पालथं घातलेलं असायचं. मला बरं वाटायचं. म्हणायचे, उसळ छान झाली होती.

पौषात त्यांना थंडी सोसेना. बनारसची थंडी सगळ्यांनाच वाजते, म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. पण शेगडीजवळ बसूनही त्यांचे हात गार असत. बोलणं हळू झालं. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा. स्वेटर अंगावर लोंबायला लागला. मग मी त्यांना रक्त तपासायला नेलं, आणि चूक अशी झाली की नेलं ते धारण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पारणं सुटायच्या आधी. लॅबवाल्याने विचारलं, खाली पेट हैं न? बाबा म्हणाले, एकदम खाली. त्याचं समाधान झालं. छत्तीस तासांचा उपास होता तो. थायरॉइडचा रिपोर्ट आला, टी-थ्री बरंच कमी, टी-फोर ठीक, टीएसएच अगदी बरोबर. मी तो फोटो काढून तुला पाठवला. तोही मीच पाठवला, हे लिहून ठेवते.

आता थोडं माझ्या कामाचं. तुला ते उंदीर एवढंच माहीत आहे, आणि वैदेहीच्या माहेरच्यांना माझी ओळख तू उंदीरवाली ताई अशी करून दिली होतीस, ते मी विसरले नाहीये. सव्वीस वर्षं मी उपाशी उंदरांच्या रक्तातली थायरॉइडची संप्रेरकं मोजते. थायरॉइडमधून बाहेर पडतं ते मुख्यतः टी-फोर. ते जरा सुस्त असतं. यकृतात आणि इतर अवयवांत त्याचं टी-थ्री होतं, आणि ते टी-थ्री शरीराला सांगतं, इंधन जाळा, ऊब करा, हालचाल करा. प्राणी उपाशी राहिला की शरीर टी-थ्री बनवणंच कमी करतं. टी-फोरचं एक दुसरं, काही कामाचं नसलेलं रूप करून टाकतं. एरवी टी-थ्री कमी झालं तर मेंदू टीएसएच वाढवून थायरॉइडला हाकारतो. उपासात तो हाकारत नाही. कारण कमतरता झालेली नसते, शरीराने आपणहून खर्च आवरलेला असतो. नाडी मंद होते, अंग गार पडतं. चरबी जळत राहते आणि स्नायू होता होईल तो वाचवले जातात. आमचे सर नव्या मुलांना सांगायचे, पिठाचा डबा तळाला गेला की शहाणी बाई आधी चूल मंद करते, मग बाकीचं बघते. उंदीर असो की माणूस, थोड्याफार फरकाने हेच.

एका वर्षी आम्ही तीन गट केले होते. पहिल्याला रोज खाणं. दुसरा उपाशी. तिसराही उपाशी, पण त्याला रोज टी-थ्रीचं इंजेक्शन. दुसऱ्या गटातले उंदीर एकमेकांना चिकटून कोपऱ्यात पडून असायचे. तिसऱ्यातले पिंजराभर फिरायचे, जाळीवर चढायचे, डोळे चमकायचे. नवीन विद्यार्थी हमखास म्हणायचे, मॅडम, ये वाले तो बढ़िया हैं. सकाळी काट्यावर ठेवले की कळायचं. दुसऱ्या गटापेक्षा त्यांचं वजन भराभर उतरायचं, आणि लघवीच्या तपासणीत दिसायचं की मांस जळतंय. चूल मोठी केली होती आणि डबा रिकामाच होता. हे सगळे आकडे माझ्या हातचे आहेत. पण आकडे मी लिहायचे आणि त्यांचा अर्थ सर लिहायचे. अर्थ लावण्याची मला कधी सवयच लागली नाही. आता वाटतं, सगळं तिथेच बिघडलं.

मी तो रिपोर्ट गल्लीच्या तोंडाशी बसतात त्या मिश्रा डॉक्टरांना दाखवला. त्यांनी बाबांची नाडी बघितली, पापणी ओढून बघितली, विचारलं काय खातात. मी सांगितलं, एक दिवसाआड जेवतात. त्यांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. म्हणाले, "बिटिया, इन्हें दवा नहीं, खाना दो. रोज़." मी घरी येऊन बाबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टर चांगला आहे, फी घेतली का?

तुझं मात्र त्याच दिवशी ठरलं होतं. जे कमी आहे ते भरायचं. तू इंजिनियर, तुला ते स्वच्छ दिसलं. कुणाच्या तरी ओळखीने टी-थ्रीच्याच गोळ्या मिळवल्यास, त्या सहज मिळत नाहीत म्हणून बाहेरून मागवल्यास, आणि आठ दिवसांत पाकीट दारात आलं. तू इतक्या दुरून एवढी धडपड केलीस, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी फोनवर तुला मिश्राजी काय म्हणाले ते सांगितलं, उंदरांचंही सांगायला लागले. तू म्हणालास, "ताई, बाबा उंदीर नाहीत." त्यावर मी म्हटलं, मी गोळ्या देणार नाही. फोन ठेवला. त्यानंतर दहा दिवस आपण बोललो नाही.

तुला माहीत आहे ते इथपर्यंत. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या दहा दिवसांत मी रोज पाकीट बघायची. बाबा उबेला बसून पेंगायचे आणि मला वाटायचं, मी कोण ठरवणारी? मिश्राजी म्हातारे आहेत. सर निवृत्त होऊन गावी गेले, त्यांचा फोन लागत नव्हता. मी तर आकडे लिहिणारी. शार्दूल म्हणतो ते खरं असलं तर? उंदीर तर तीन दिवस उपाशी असतात, बाबा एक दिवसाआड जेवतायत, मग उंदरांचा नियम त्यांना कसा लावायचा? असा विचार करत करत मी पाकीट फोडलं. बाबांना म्हटलं, ही एक गोळी आहे, पण धारण्याच्या दिवशी तुम्ही घेणार नाही. त्यांनी पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव वाचलं. "शार्दूलने पाठवलीय ना? मग दे," म्हणाले. औषधाला उपास आड येत नाही म्हणे. आईच्या तेराव्यानंतर तू आला नव्हतास. ते रोज सकाळी तीच पहिली मागायचे, शार्दूलची गोळी दे म्हणून.

तुला मी हे कळवलं नाही. नाही म्हणून बसले होते आणि मग गुपचूप दिल्या, हे तुला सांगायची लाज वाटली. खरं कारण एवढंच आहे. यापेक्षा चांगलं कारण मी शोधून बघितलं, मिळालं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाबा बदलले. हात ऊबदार झाले. सकाळी उठून बालाजी घाटाच्या पायऱ्या उतरून गेले, कितीतरी दिवसांनी. आल्यावर आईचे पितळेचे डबे काढून चिंचेने घासत बसले आणि मला तुझ्या मुंजीतल्या गमती सांगत राहिले. त्याच आठवड्यात तू व्हिडिओ कॉल केलास. बाबांशीच बोललास, माझ्याशी नाही, पण मी मागे उभी होते. तू म्हणालास, बाबा आज एकदम फ्रेश दिसतायत. मला इतका आनंद झाला होता, शार्दूल, आणि त्याच वेळी पिंजऱ्यातला तिसरा गट आठवला होता. ये वाले तो बढ़िया हैं. मी हे आधी बघितलेलं होतं. तरी माझं गोळी देणं चालूच होतं, कारण ते हसत होते.

पहिल्या गोळीपासून मी वही ठेवत होते. सवय. नाडी पहिल्या दिवशी अठ्ठावन्न होती, पंधराव्या दिवशी अठ्ठ्याण्णव. वजन पन्नास किलो होतं, ते सेहेचाळीस झालं. हात थरथरायला लागले, झोप उडाली. एकविसाव्या दिवशी सकाळी त्यांनी गोळी मागितली आणि मी खोटंच सांगितलं की संपल्या. ते म्हणाले, शार्दूलला कळव, तो पाठवेल. मी बरं म्हटलं. त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी, अंघोळीला पाणी काढून ठेवलं होतं मी, ते खाटेवरून उठलेच नाहीत. मिश्राजींनी हृदय थांबलं असं लिहिलं. एवढंच सगळ्यांच्या बाबतीत लिहितात. तू दुपारच्या विमानाने आलास, अग्नी दिलास. तू मणिकर्णिकेहून परत आलास तेव्हा मी तुला सगळं सांगणार होते, पण तुझ्याकडे बघून मला ते बोलवेना. आणि तेराव्याला तू जेव्हा मला बोललास, तेव्हा मला हलकं वाटलं. मी दिल्या नाहीत म्हणून गेले, असं तुला वाटत असलं तर माझ्यावर राग धरून तू निदान झोपू शकशील. मी दिल्या हे कळलं तर तुझं काय होईल, ते मला दिसत होतं.

अजून एक आहे. तेराव्यानंतर शरदिनीकाकूंनी मला ओसरीवर बोलावून सांगितलं. बाबा पारण्याचं ताट जेवत नव्हते. मी नऊला गल्लीतून बाहेर पडले की ते खाली यायचे आणि सगळं गाईपुढे ठेवायचे. रोज नाही, पण पौषापासून जवळजवळ नेहमी. थोडा भात तोंडात घालायचे. काकूंनी एकदा टोकलं, तर म्हणाले, तिचं ताट राहिलंय, माझ्याच्याने गिळवत नाही. मला सांगू नका अशी शपथ घातली होती. काकूंनी शपथ पाळली. मी काकूंवर रागावले, मग रागावता येईना. उंदरांच्या पिंजऱ्यात सकाळी किती खाणं उरलं ते मी ग्रॅममध्ये मोजते. खाली सांडलेला चुराही वेचून काट्यावर ठेवते, कारण नाहीतर प्रयोग चुकतो. आणि घरी घासलेलं ताट बघून समजायची की बाबा जेवले. मिश्राजींना मी एक दिवसाआड असं सांगितलं, ते खोटं होतं आणि मला ते माहीत नव्हतं.

तर कशाने गेले? गोळ्यांनी, उपासाने, वयाने, की आईने? गोळ्या नसत्या तर आणखी दोन महिने पेंगत काढले असते, की जगले असते? त्या दोन आठवड्यांत ते जितके आनंदी होते तितके आई गेल्यापासून कधी नव्हते, ते कशात मोजायचं? मी सगळे आकडे पुन्हा पुन्हा मांडते आणि बेरीज दर वेळी वेगळी येते. तू चुकलास असं मला म्हणायचं नाही. तू पाठवल्यास, मी दिल्या, त्यांनी मागून घेतल्या. यात मला कुणा एकाला उभं करता येत नाही.

हे मी तुला कधीच सांगितलं नसतं. पण परवा तू तुझ्या लेकीचा, नीरजाचा रिपोर्ट पाठवलास. सारखी थंडी वाजते, केस गळतात, कॉलेजातून आली की पडून असते, आणि टी-थ्री कमी आलंय. खाली लिहिलंयस, बाबांच्या वेळच्या गोळ्या तुझ्याकडे तशाच पडल्या असतील, त्या कुरिअर कर, मी सुरू करतो. शार्दूल, मी तो रिपोर्ट दहा वेळा बघितला. टी-फोर ठीक आहे. टीएसएच अगदी बरोबर आहे. बाबांचा आणि तिचा रिपोर्ट शेजारी ठेवले तर वय सोडून काही वेगळं नाही. वैदेही मागे फोनवर म्हणाली होती की नीरजाची पाळी तीन महिने आली नाही. तू पाठवलेल्या फोटोत ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून बसलीय, जूनमध्ये, पुण्यात. मी डॉक्टर नाही, आणि मी चुकत असले तर मला आनंदच होईल. पण गोळ्या मी पाठवणार नाही आणि तू दुसरीकडून मागवू नकोस. तिला या आठवड्यात चांगल्या डॉक्टरकडे ने आणि त्यांना थायरॉइडचं विचारण्याआधी हे विचार, की एकोणीस वर्षांची मुलगी जेवत का नसेल. ती म्हणेल, मी जेवले. वैदेही म्हणेल, डबा रिकामा येतो. तू कुणाचं ऐकू नकोस. तिला रागावूही नकोस, रागावलं की अशी माणसं आणखी लपवतात. माझ्यावर काय रागवायचं ते मग सावकाश रागव, मी इथेच आहे. आज ऑफिसातून लवकर घरी जा, तिच्या शेजारी जेवायला बस, आणि तिचं होईपर्यंत तू पानावरून उठू नकोस.

तुझीच,
ताई